दोन आवाजांची फाइल

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असतो आणि संध्याकाळी महिला मंडळाचा कार्यक्रम. एरवी त्यात फुगड्या आणि कुणाच्या तरी नातीचा नाच एवढंच व्हायचं. त्या वर्षी माझ्या आईने नाटक करायचं ठरवलं. लिहिलं तिनेच. यम एका सेक्रेटरीचे प्राण न्यायला सोसायटीत येतो, आणि सेक्रेटरी म्हणतो, कमिटीचा ठराव झाल्याशिवाय मला बिल्डिंग सोडता येणार नाही. यम अर्थातच आई. समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी चित्रगुप्त. दोघी मूळच्या मालवणकडच्या, आणि एकत्र आल्या की तिसऱ्या माणसाची खैर नसते.

आमचे खरे सेक्रेटरी काका तालमीला येऊन बसायचे, मनापासून हसायचे. "शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी अगदी अस्साच आहे," म्हणायचे.

त्यांच्या डोक्याला त्या दिवसांत वेगळाच ताप होता. ते जिन्यातल्या बोर्डावर नोटीस लावायचे आणि खाली कुणीतरी लाल पेनने उत्तर लिहून जायचं. 'लिफ्टमध्ये मोठ्याने बोलू नये' याखाली 'मीटिंगमध्ये बोलावे, तिथे कोणी ऐकत नाही'. 'गच्चीवर पापड वाळत घालू नयेत' याखाली लाल शाईत 'मग काय सेक्रेटरींना घालावे?' आणि त्याच्याही खाली, निळ्या शाईत, वेगळ्याच अक्षरात, 'ते आधीच वाळलेले आहेत'. काका अंगाने काडी, त्यामुळे ही निळी ओळ त्यांना फार लागली. त्यांनी बोर्डासमोर कॅमेरा बसवला. त्यात दूधवाल्याच्या टोपीशिवाय काही दिसेना.

मी अंधेरीला एका स्टुडिओत काम करते. मालिकांचे भाग चॅनलला पाठवण्याआधी तपासायचे, फाइली हव्या त्या प्रकारात करून द्यायच्या, असलं काम. त्यामुळे शूटिंग माझ्या गळ्यात आलं. मढला एका पौराणिक मालिकेचं शूटिंग चालायचं, तिथल्या ओळखीतून मी यमाचा खराखुरा मुकुट आणला. आई तो घालून दोन वेळा भाजीला जाऊन आली असती, मीच अडवलं.

मिशीमुळे तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नीट येईना, म्हणून मी तिच्या कॉलरला फक्त रेकॉर्डिंगसाठी एक छोटा माईक लावला. हॉलमधल्या स्पीकरचा आवाज एका ट्रॅकवर, आईच्या माईकचा दुसऱ्यावर, असं दोन्ही लॅपटॉपवर एकाच फाइलमध्ये रेकॉर्ड होत होतं. फाइल एमकेव्ही ठेवली, कारण मध्येच लाइट गेले तरी तोवरचं रेकॉर्डिंग त्यात सहसा वाचतं. नाटक झकास झालं. यमाने शेवटी कंटाळून स्वतःच राजीनामा दिला तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

पुढच्या रविवारी दुपारी सगळ्यांनी हॉलमध्ये जमून मोठ्या टीव्हीवर नाटक बघायचं ठरलं. आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह लावून पाहिला तर टीव्ही म्हणाला, ही फाइल चालत नाही.

"आण इकडे," सेक्रेटरी काका म्हणाले. "मी ऑनलाइन कन्व्हर्ट करतो."

त्यांनी केलं. टीव्हीवर यम आला, पण त्याच्या तोंडाच्या जागी बाथरूमच्या लाद्या दिसत होत्या. मुकुट हलला की लाद्या हलायच्या.

"हा मी?" आईने विचारलं.

"कन्व्हर्ट केलं की क्वालिटी थोडी जाणारच, वहिनी."

"थोडी? माझं नाक गेलं!"

मी म्हटलं, "काका, चित्र नव्याने बनवायची गरजच नाही. आत जे आहे ते टीव्हीला चालतं. फक्त ज्या डब्यात ठेवलंय तो डबा चालत नाही. आहे तसं उचलून एमपीफोरच्या डब्यात ठेवायचं."

"आणि क्वालिटी?"

"चित्राला हातच लावायचा नाही, तर जाईल कशी?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लिफ्ट विजेशिवाय चालवायचं म्हणतेय.

घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला. आई पाठीमागे उभी. "बघ हां, काय एक गाळू नको. माझो एकय शब्द जावक नये."

"दोन आवाज आहेत आई यात. असं करताना सांगितलं नाही तर एकच घेतला जातो."

"मग सांग त्याला. दोन्ही घे. आपण कशाला सोडायचं?"

मी एका ओळीची आज्ञा लिहिली, चित्र घे, दोन्ही आवाज घे, सगळं जसंच्या तसं. आईने चहात साखर ढवळून होईस्तोवर काम झालं होतं. तिला ते पटेना. एवढ्या लवकर झालं म्हणजे काहीतरी राहिलंच असणार, असं तिचं म्हणणं. मी चित्र दाखवलं. मिशीचा केस न् केस दिसत होता.

रविवारी हॉल भरला. मावशींनी बटाटेवडे केले होते. रिमोट सेक्रेटरी काकांच्या हातात. तो दुसऱ्याच्या हातात असणं त्यांना मान्य नसतं. चित्र लागलं तसे काका स्वतःच म्हणाले, "अरे वा! लाद्या गेल्या." पण हॉलचा आवाज घुमत होता आणि मागून ओरडा सुरू झाला, "यमाचं काही कळत नाहीये!"

काकांनी रिमोटवर आवाजाचं बटण शोधून दाबलं. दुसरा ट्रॅक लागला. एकदम स्वच्छ, कानात बोलल्यासारखा यम. टाळ्या पडल्या. काका खूश.

मग यम आणि चित्रगुप्त विंगेत गेले. पडद्यावर नाटकातला सेक्रेटरी बायकोशी बोलत होता, पण त्याचं बोलणं लांबून कुठूनतरी येत होतं. जवळून येत होता चावण्याचा आवाज.

"गो, ही मिशी माझ्या तोंडात जाता."

"मगे वडो कित्याक खातंस? जरा थांब मां."

"यमाक काय भूक लागणा नाय?"

हॉल खदखदून हसला. आईसुद्धा. मी मात्र खुर्चीवरून उठले. तो माईक विंगेतही चालूच होता, आणि पुढे त्यावर काय काय आहे ते मी ऐकलेलं नव्हतं. मी काकांकडे सरकले. "काका, बटण दाबा परत."

"थांब गं, मजा येतेय." त्यांनी रिमोट डोक्याच्या वर धरला.

"आजची नोटीस बघलंस?" टीव्हीतून चित्रगुप्ताचा आवाज आला. "कबुतरांका दाणे घालू नयेत म्हणान."

"बघलंय. खाली काय लिहूया?"

"लिही, कबुतरांची सही घेतली का."

"लाल पेन खंय आसा?"

"तुझ्या मुकुटात."

हसू जिथल्या तिथे थांबलं. काकांनी रिमोट हळूच खाली आणला आणि चित्र थांबवलं. पडद्यावर नाटकातला सेक्रेटरी तोंड उघडं ठेवून थिजला, आणि त्याच्यासमोर खरा तसाच. मावशी वड्यांच्या परातीत काहीतरी शोधायला लागल्या. आई पहिल्या रांगेत ताठ बसून होती, जणू टीव्हीतली ती बाई कुणी लांबची नातेवाईक असावी.

"वहिनी," काका म्हणाले. "कबुतरांची सही?"

"त्या वेळी बरं वाटलं," आई म्हणाली.

"आणि पापड? मी वाळलेला? ते पण तुम्हीच?"

"लाल ते आमचं," मावशी परातीतूनच म्हणाल्या. "निळं आमचं नाय हां."

तेवढ्यात कोपऱ्यातून खुसखुस ऐकू आली. काकांची बायको, आमच्या काकी, पदर तोंडात कोंबून हसत होत्या. सोसायटीत त्यांचा आवाज कुणी कधी ऐकलेला नव्हता. काका बोलायचे आणि त्या मान हलवायच्या. आता त्यांचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं, काय झालं?"

"निळं पेन माझं," काकी म्हणाल्या. "जिन्यात हातात पिशवी होती, म्हणून अक्षर वाकडं आलं."

मग जो हशा उठला त्यात काका कुणावर रागवायचं तेच विसरले. बायकोकडे बघत राहिले. "तू?" एवढंच म्हणाले. "तू लिहितेस?"

"बोलायला कुठे मिळतं?" काकी म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या. शेवटी काकाही हसले, जरा उशिराच, पण हसले.

उरलेलं नाटक लोकांनी दोनदा बघितलं, एकदा यमासाठी आणि एकदा विंगेसाठी. दुसऱ्या दिवशी काकांनी मला फोन करून फक्त हॉलच्या आवाजाची प्रत मागितली, 'रेकॉर्डसाठी'. मी ती लगेच काढून दिली. महिला मंडळाने मात्र दोन आवाजांची फाइल इतक्या पेन ड्राइव्हवर नेली की मी मोजणं सोडून दिलं.

पुढच्या वर्षीचं नाटक काकी लिहितायत. आईला त्यात मोलकरणीची भूमिका आहे आणि त्यावरून सध्या रोज आमच्या घरी भांडण चालू आहे.