चारावर अडलेला वर्ग

गणिताच्या कोणत्या विद्यार्थ्याने पुढे कोणते विषय घ्यावेत, हे ठरवून देण्याचे काम विभागात अकरा वर्षे त्यांच्याकडे होते. म्हणून मुले त्यांना मागे 'वाटाड्या' म्हणत. नोकरी हवी त्याला संख्याशास्त्र, संगणकाकडे ओढा त्याला आलेख सिद्धांत. लांबी, क्षेत्रफळ, शक्यता यांच्या मुळाशी जाणाऱ्या मेझर थिअरीकडे मात्र ते कोणाला फिरकू देत नसत. "ते संशोधकांचे चोचले," असे ते सांगत, आणि हे खरे नव्हे हे त्यांना पुरते ठाऊक असे.

तो विषय त्यांचा जुना वर्गमित्र शिकवी. दोघे एका बाकावर बसून तो शिकले होते. मित्र पहिला आला, हे दुसरे. मित्राकडे संशोधन गेले, यांच्याकडे पहिल्या वर्षाचे तेच ते वर्ग. पाच विद्यार्थ्यांशिवाय वर्ग भरत नसे, आणि तीन वर्षे मित्राचे घोडे चारावर अडले होते. त्याबद्दल हळहळायला त्याच्या खोलीत सर्वांआधी वाटाड्याच जात.

यंदा पाचवा अर्ज घेऊन आली ती त्यांची सख्खी भाची.

"मामा, मला विमा कंपनीत जोखमीचं गणित करायचंय. मेझर थिअरी घेते."

"खुळी की काय? संख्याशास्त्र घे. गेल्या वर्षीची मुलं बघ, पटापट चिकटली."

"चिकटली, पण तयार सूत्रांत आकडे भरायला! सूत्रं बनवायला कोणी बसवत नाही त्यांना." तिने अर्ज पुढे सरकवला. "आई म्हणते, तुम्ही हा विषय शिकत होतात तेव्हा जेवायलासुद्धा उठत नव्हतात. मग तो वाईट कसा हो?"

परक्यांची मुले हिताच्या नावाखाली दुसरीकडे वळवताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. आज अडखळली. त्यांनी सही केली.

"वाईट नाही. तुला हाच हवा. त्या मुलांनाही हाच हवा होता."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी पेनाचे टोपण लावले.

दुसऱ्या दिवशी मित्र दारात उभा राहिला. "भाचीला पाठवलंस, लेका! तुझ्यामुळे वर्ग भरला." 'त्यात काय एवढं' म्हणत वाटाड्यांनी समोरचे कागद चाळायला घेतले.

वर्ग शेजारच्याच खोलीत भरू लागला. तिसऱ्या तासाला भाचीने काहीतरी विचारले आणि मित्राचा आवाज भिंतीपलीकडून आला, "वा! आम्हाला तुमच्या वयात हे सुचलं नव्हतं."

"मला सुचलं होतं," रिकाम्या खोलीत वाटाड्या म्हणाले, आणि उठून त्यांनी दार लावून घेतले.