मूर्तीला दोरी नको

हिंगणघाटच्या चिंधूला डुगडुगणारी वस्तू बघवत नसे. कोणाकडे गेला की बसण्याआधी तो खाट हलवून बघे. ती डुगडुगली तर अंगणातून लाकडाची चिपटी शोधून पायाखाली सरकवी आणि मगच टेके. लग्नात नवरदेवानं स्वतःच्या पाटाखालीही चिपटी घातली होती, असं त्याची बायको हसून सांगे.

कापडाच्या गिरणीत तो माल भरणाऱ्यांचा मुकादम होता. गिरणीचा ट्रक वरून आणि बाजूंनी फळ्यांनी बंद होता, मागे तेवढं दार. यंत्राचं जड चाक असो की मोटर, चिंधू साखळी आवळून, पाचरी ठोकून ते आत असं बसवी की वाटेत तसूभर सरकत नसे. "दार लावलं का आपले डोळे बाहेर राह्यले," तो म्हणे. "मंग जे बांधलं तेच सांभाळते."

धम्मदीक्षेनंतर दीड वर्षानं वस्तीनं लहानसा विहार बांधला आणि नागपूरच्या कारागिराकडून बुद्धाची दगडी मूर्ती घडवून घेतली.  बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी गिरणीचा ट्रक कापड टाकायला नागपूरला जाणार होता. येताना मूर्ती आणायची परवानगी मिळाली. सगळी वस्ती चिंधूला म्हणाली, तू आहेस म्हणून काळजी नाही. ते ऐकल्यापासून त्याला जेवण गोड लागेना. चाकाला ओरखडा पडला तर गिरणी चालते. पण लांब कानांच्या त्या शांत मुखाचा टवका उडाला, तर वस्तीला तोंड कसं दाखवायचं?

सोबत कुंताबाई होत्या. विहारासाठी घरोघर फिरलेल्या या म्हाताऱ्या बाईंना वस्तीतले सगळे मावशी म्हणत. ट्रक चालवायला ताराचंद होता.

नागपुरात कारागिराच्या माणसांनी मूर्ती ट्रकात चढवली. चिंधूनं सवयीनं साखळी उचलली आणि मूर्तीच्या खांद्यावरून टाकली.

"चिंधू! हे काय करून राह्यला?" कुंताबाई खालून ओरडल्या.

"बांधून राह्यलो, मावशी. रस्ता खराब आहे."

"आता कोठं आपण सुटलो, अन् तू त्यायलेच बांधतं? गळ्यात साखळी घालून वस्तीत आणशीन?"

"बरं, साखळी नाई, दोरी लावतो."

"दोरीबी नाई."

"अन् वाटेत नाक गेलं तं? मंग तूच मले शिव्या देशीन."

"देईन तं! काऊन नाई देणार?"

"मावशी, तुमीच मांडीवर घेऊन बसा मंग," ताराचंद हसून म्हणाला.

चिंधूनं रागानं साखळी दाराजवळच्या कोपऱ्यात भिरकावली आणि तो फळीवर बसून राहिला. पण मावशीचं बोलणं त्याला खोटंही म्हणवेना. तेवढ्यात ताराचंद म्हणाला, "लवकर उरक भाऊ, आपल्याले बारदानबी भरायचं आहे." बारदान म्हणजे तागाची रिकामी पोती, गिरणीसाठी त्यांचे गठ्ठे परतीच्या गाडीत न्यायचे होते.

चिंधू उठला. "गाडी बारदानाकडेच घे," म्हणाला.

त्यानं मूर्ती मधोमध घेतली, खाली पोत्यांची गादी केली आणि चारी बाजूंनी गठ्ठे रचले, दाराशी थोडी जागा सोडून पार फळ्यांपर्यंत. गठ्ठे आणि फळ्या यांच्या फटीत पाचरी ठोकल्या. शेवटी दोर काढला.

"दोरी कोणाले?" कुंताबाईंनी विचारलं.

"गठ्ठ्यायले, मावशी. त्यायले तं बांधू देशीन ना?"

"त्यायले खुशाल बांध."

दार लागलं. तिघे पुढे बसले. बुटीबोरी मागे पडली. चिंधूचे कान मागच्या फळीला लागले होते. जाम गावाच्या अलीकडे एका नाल्यात गाडी आदळली आणि मागून खणकन आवाज आला.

"थांबव!"

दगडाचा आवाज असा नसतो, हे चिंधूला कळत होतं. पण तेवढ्यानं धीर धरवतो थोडाच? त्यानं धावत जाऊन दार उघडलं. गठ्ठे जागच्या जागी होते. दाराशी मात्र साखळी येऊन पडली होती.

ताराचंद पोट धरून हसला. "साऱ्या गाडीत एकच माल मोकळा, अन् तोबी मुकादमाचा!"

चिंधूही हसला. पुढची वाट साखळी त्याच्या पायाखाली होती आणि कुंताबाईंनी बांधून आणलेली भाकर त्यानं चवीनं खाल्ली.

संध्याकाळी वस्तीत गठ्ठे एकेक करून निघाले, तसं आतून मुख दिसू लागलं. एका कानाला तागाचं तूस चिकटलं होतं, बाकी काही नाही. कुंताबाईंनी ते पदरानं पुसलं आणि नाकावरून हळूच बोट फिरवलं.

मूर्ती विहाराच्या ओट्यावर बसली. सगळ्यांनी हात जोडले. चिंधूनं मात्र पुढे होऊन बैठकीला तळवा लावला आणि जरासा रेटा दिला.

"आता काय पाह्यतं रे?" कुंताबाई पुटपुटल्या.

"काई नाई, मावशी. हलत तं नाई ना..."

हलत नव्हती. मग त्यानंही हात जोडले.