विहिरीवरचं बोलणं

लग्न होऊन साताऱ्याहून मद्रासला आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर कळत नव्हतं. हे मात्र टी. नगरात चांगले मुरलेले, सरकारी कचेरीत कारकून. तमिळ फाडफाड बोलायचे. खाली घरमालकीण मामी आणि त्यांची विहीर, वर आमच्या दोन खोल्या. मामी विहिरीवरून काही बोलल्या की मी ह्यांच्या तोंडाकडे बघायची. मद्रास मला ह्यांच्याकडूनच कळायचं.

पहिल्या वर्षी मामी चांगल्या होत्या. मग हळूहळू वाईट व्हायला लागल्या. "आपल्याला हाकलायचं ठरवतायत," हे सांगायचे. "आपण काय बोलतो ते भिंतीआडून ऐकतात." माझा नुसता तिळपापड व्हायचा. मी त्यांच्याशी हसणं सोडलं. त्या मात्र हसतच राहिल्या. काय बेरकी बाई आहे, असं मला वाटायचं.

एव्हाना भाजीवालीशी हुज्जत घालून घालून थोडं तमिळ माझ्या पदरात पडलं होतं. एका सकाळी मामी म्हणाल्या, विहिरीचं पाणी खाली गेलंय, पोहरा जपून सोडा. निदान मला तसं कळलं. हे पांढरेफटक होऊन वर आले. "पाण्यात काहीतरी घालणार आहेत. ऐकलंस ना?"

पाण्याचंच बोलणं होतं, हे खरं. मी गोंधळले. माझं तमिळ भेंडी-वांग्यापुरतं, ह्यांचं कचेरीतलं. मग चुकलं कोण? ह्यांनी पाणी पिणं टाकलं तेव्हाही मी मनात मामींचे शब्द उलटसुलट करून बघत होते.

शेवटी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी मामींनाच सगळं सांगितलं. त्यांनी लगेच आपल्या यजमानांना आमच्याबरोबर इस्पितळात धाडलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. माझ्या जिभेला ते वळेना. डॉक्टर मला समजेल असं सावकाश बोलले. मामी न बोललेलंही ह्यांना खरंच ऐकू येतं, म्हणाले; खोटं म्हणून भांडू नका, खरं म्हणून मानही डोलवू नका. आणि बरं वाटलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत.

भांडायचं नाही, मानायचंही नाही, मग बायकोनं करायचं तरी काय? मला कळलं नाही. गोळ्यांनी हे दिवसभर झोपायचे, हात थरथरायचे. माझा नवरा परत येतोय की आणखी लांब चाललाय, तेही कळत नव्हतं. मी नुसती जवळ बसायची.

पावसाळा सरला. एका सकाळी मामींनी खालून हाक मारून काहीतरी सांगितलं. हे दाराशी थबकले, कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे वळले.

"काय म्हणतायत गं त्या? मला खात्री वाटत नाही. तू सांग."

"विहिरीला पाणी आलंय म्हणतायत."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी बघायची तसे. मग पोहरा उचलून खाली गेले.