निंदून काढलेलं पान

कमल, मी गिरीज सोडलं त्या दिवशी कोणी रडलं नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि केळ्यांचा घड कुठे ठेवायचा यावरून तू त्याच्याशी भांडत होतीस. गुडघे गेले, एकटीने वाडी होईना, म्हणून मुलाकडे निघाले. जायचं तरी कुठे, रुळांपलीकडे गोखिवऱ्याला. तरी तू म्हणालीस, "जाऊबाई, करमलं नाही तर परत या. खोली झाडून ठेवते."

करमलं नाहीच. चौथा मजला, सगळी दारं बंद. वाडीत भाजीच्या जुड्या बांधताना आपली तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. इथे लिफ्टमध्ये माणसं आकड्यांकडे बघत उभी राहतात. मुलगा-सून दिवसभर कामावर. दिवाळीनंतर कायमचं परत यायचं मी ठरवून टाकलं होतं, फक्त सांगितलं नव्हतं.

मग हे झालं. माझी नात ऋचा सहावीत आहे. तिच्या बाई मुलांना घरून एका ऑनलाइन पानावर लिहायला लावतात. पान एकच, लिहिणारा अख्खा वर्ग. कोणी विरारला बसून लिहितं, कोणी नालासोपाऱ्याला, आणि अक्षरं आपल्यासमोर उमटत जातात. विषय होता आपल्या भागातलं पाणी. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर चर्चा व्हायची होती. ऋचा जेवायला उठली, टॅब माझ्यापुढे राहिला. अथर्व नावाच्या मुलाने लिहिलं होतं, बावखलं म्हणजे डासांची डबकी, बुजवून पार्किंग करावं. ज्या बावखलाच्या, त्या गोड्या तळ्याच्या पाण्यावर तुझी-माझी वाडी पिकली, ते डबकं.

पुसलं मी. कसं पुसतात ते ऋचाचं बघून कळलं होतं. त्याखालचं पटलं नाही, तेही पुसलं. आपली रीत तुला ठाऊक आहे. दुसरीच्या वाफ्याकडेने जाताना तण दिसलं की उपटायचं, विचारत बसायचं नाही. मी अख्खं पान निंदून काढलं.

वर्गाच्या ग्रुपवर बोंब झाली. नाव ऋचाचं दिसत होतं, म्हणजे पुसणारी तीच. आता मला कोणी गटात घेणार नाही म्हणत ती ताटावरून उठली आणि रडायला लागली. मी तिला बाईंना फोन लावायला सांगितलं. पुसणारी मी, पोरीला बोलायचं नाही, असं सरळ सांगून टाकलं. बाई हसल्याच. पुसलेलं परत आणता येतं म्हणे. मग म्हणाल्या, "आजी, पटलं नाही तर पुसायचं नाही. खाली लिहायचं."

माझी शाळा चौथीनंतर वडिलांनी सोडवली. "सही येते ना, बास," म्हणाले. तेव्हापासून भांडणं पुष्कळ केली, पण लिहून एकही नाही. एका बोटाने लिहिलं: मी ऋचाची आजी. पुसलं मी. बावखलात मासे असायचे, ते डासांची पिल्लं खायचे. पार्किंगमधून भाजीला पाणी देणार का?

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणे तेच वाचून चर्चा झाली. ऋचाला गटात ठेवलं, वर आजीला विचार म्हणून प्रश्न लावून दिले. तुम्ही त्यात पोहायचात का, रहाट कोण ओढायचं. अथर्वने तर खालीच लिहिलं, "आजी, तेव्हा होते. आता आहेत का मासे?"

कार्टं हुशार आहे. आपल्या बावखलात मी शेवटचं वाकून कधी बघितलं, आठवत नाही.

तेव्हा कमल, खोली झाडू नकोस, कांदे पसर तिथे. मी राहायला येत नाही. जिथे माझ्या बोलण्यावर कोणी उलट विचारतं ते माझं घर, आणि सध्या ते चौथ्या मजल्यावर आहे. तू उद्या बावखलावर जा, मासे आहेत का बघ, फोटो काढ. बाईंनी तुलाही पानावर घ्यायचं कबूल केलंय. मासे नसले तर तसंच लिही, मुलांशी खोटं नको. आणि तिथे कोणाचं काही उपटू नकोस.