माझ्या नावाचं कार्ड

हॉटेलच्या लॉबीत, सोफ्यावर, मॅडमनी माझी पिशवी उलटी केली.

कंगवा पडला. ईराची बिस्किटं पडली, तिची जादा चड्डी पडली. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. सॅनिटरी पॅडचं पाकीट पडलं, ते आधीच फाटलेलं होतं. भर दुपार होती. सिंगापूरचं हॉटेल, माणसं येत-जात होती. दोन आपल्याकडची कुटुंबं बॅगा घेऊन उभी होती, तीही बघायला लागली.

"कार्ड कुठाय?"

मी पॅडचं पाकीट पदराखाली घेतलं.

"तुला विचारतेय मी. कार्ड कुठाय?"

चार वर्षं त्या मला मावशी म्हणत आल्या होत्या. मावशी, तुम्ही जेवलात का. मावशी, तुम्ही उद्या लवकर या. ‘तू’ त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं, ब्लाउजमधून छोटी पर्स काढली आणि तिच्यातून कार्ड काढलं. ते हातातून निसटून खाली पडलं.

"चोरी करायला आणलं का तुला इथवर?"

मी म्हटलं, "चूक झाली मॅडम. सॉरी. पुन्हा नाही होणार."

काउंटरवरची मुलगी धावत आली. तिने कार्ड उचललं. आदल्या दिवशी आमचे पासपोर्ट तिनेच तपासले होते. तिने कार्डावरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. "युअर्स, मॅडम?"

मला मॅडम म्हणाली ती.

मी मान हलवली. म्हटलं, "नो. हर्स."

कार्डावर माझं नाव होतं. पहिलं नाव, मग आडनाव, पुऱ्या इंग्रजी अक्षरांत. आणि मी भर लॉबीत सांगितलं की हे माझं नाही. पिशवी उलटी केली त्याची लाज वाटतेच, पण ती त्यांनी आणलेली. या दोन शब्दांची लाज माझी स्वतःची आहे. ती अजून गेली नाही.

ईरा, मॅडमची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. तिने बापाला विचारलं, "बाबा, मावशीने काय चोरलं?" सर फोनमध्ये बघत होते. मी सांडलेलं पिशवीत भरायला लागले.

आता ते कार्ड आलं कुठून, ते सांगते.

माझा बाप सोलापूरकडून बेंगळुरूला खोदकामाला आला आणि इथेच राहिला. मी राजाजीनगरच्या मागच्या वस्तीत जन्मले. घरात मराठी, शाळेत कन्नड. नववीत शाळा सुटली. नवरा वारला, मुलगी नर्सिंगला आहे. मॅडम आणि सर पुण्याचे, दोघंही कंप्युटरवाले. त्यांना मूल सांभाळायला मराठी बोलणारी बाई हवी होती. पहिल्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला वेगळी बाई आली. तिने केलेला भात मी ईराला भरवायचा. ईराची शी-शू माझ्याकडे, पिठाचा डबा तिच्याकडे. मला कळत होतं. पण पगार बरा होता आणि मुलगी गोड होती. मी न कळल्यासारखं केलं. त्यात मी तरबेज आहे.

सिंगापूरचं ठरलं तेव्हा सरांनी आठवडाभर कार्डांचा अभ्यास केला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. मी शेजारी ईराला भरवत असायची, त्यामुळे माझाही अभ्यास झाला. साधं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँक प्रत्येक खरेदीवर वरचे पैसे कापते. शंभराला तीन-साडेतीन रुपये, वर त्याच्यावर कर. हॉटेलचं बिल, टॅक्सी, जेवण, सगळ्यावर. काही कार्डं ते कापत नाहीत. त्यांतलं हवं होतं.

एक कार्ड सापडलं. परदेशी खर्चावर काही कापणार नव्हतं, पण विमानतळावरच्या लाउंजमध्ये सोडणार नव्हतं. दुसरं लाउंजमध्ये सोडत होतं, पण पैसे कापत होतं. तिसऱ्यात दोन्ही होतं. वर्षाची फी जास्त होती, पण घरच्या माणसांना जोडकार्डं फुकट होती आणि जोडकार्डवाल्यालाही लाउंज.

"पण मावशी?" मॅडम म्हणाल्या. "ईरा त्यांच्याशिवाय खात नाही. पाहुणा म्हणून आत नेलं तर त्यांचे वेगळे पैसे."

"मग मावशींच्या नावावर काढू जोडकार्ड," सर म्हणाले. "फुकटच तर आहे."

"नात्यात काय लिहिणार?"

"बहीण लिहितो. कोण बघतंय?"

मॅडम हसल्या. "चला, मला नणंद मिळाली."

मीही हसले. नुसतं हसले नाही, मला आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी जाताना रस्ताभर मनात तेच चाललं होतं, सरांनी बहीण लिहिलं. आधार कार्डाचा फोटो मी त्यांना पाठवला, पॅनचा पाठवला. "मावशी, ओटीपी आला का? सांगा." मी आकडे मोठ्याने वाचून दाखवले. रात्री माझ्या मुलीला म्हटलं, सरांनी मला बहीण लिहिलंय. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आता त्यांच्या कपातून चहा देतील?" मी तिच्यावर ओरडले.

कार्ड कुरिअरने आलं ते मीच दारात घेतलं. काळं होतं, जड होतं. मी अक्षरांवरून बोट फिरवलं. मॅडमनी हात पुढे केला. "माझ्याकडेच राहू दे. तुमच्याकडून हरवेल." पासपोर्टही त्यांच्याकडेच होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बहिणीची वस्तू वहिनीकडे, एवढंच.

बेंगळुरूच्या विमानतळावर सर आणि मॅडम आपापली कार्डं दाखवून लाउंजमध्ये पुढे गेले. माझं कार्ड मॅडमनी काउंटरवर ठेवलं होतं. तिथली मुलगी कन्नड होती. तिने मला नाव विचारलं, तिकिटावर बघितलं, कार्ड मशीनवर लावलं आणि माझ्या हातात दिलं. "सरी अक्का, ठीक आहे, आत जा."

आत बशांमध्ये काय काय मांडलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "आधी ईराला भरवा, मग तुम्ही घ्या." ईराने खाईपर्यंत विमानाची वेळ झाली. मी काही खाल्लं नाही.

पण कार्ड माझ्याकडे होतं.

लोकांना वाटेल मी ते परत द्यायला विसरले. माझ्या मुलीलाही मी आधी तेच सांगितलं होतं. पण मी विसरले नव्हते. मुद्दाम ठेवलं. विमानात दोनदा काढून बघितलं. मला त्याने काही घ्यायचं नव्हतं, मला त्याचा नंबरसुद्धा माहीत नव्हता. माझं नाव इतकं नीट छापलेलं मी कधी बघितलं नव्हतं. रेशनकार्डावर चुकलंय, शाळेच्या दाखल्यावर अर्धं आहे, आधारवर पुसट. वाटलं, दोन दिवस राहू दे. मग मागतील तेव्हा देऊ.

मागितलं तेव्हा काय झालं ते वर सांगितलंच.

राहिलेले तीन दिवस मी खाली मान घालून मुलगी सांभाळली. मॅडम पुन्हा मावशी आणि तुम्ही म्हणायला लागल्या, काही घडलंच नाही अशा. येताना लाउंजच्या दारात त्यांनी माझं कार्ड स्वतः दाखवलं आणि लगेच पर्समध्ये टाकलं. मी आत गेले, ईराला भरवलं. सरांची बहीण म्हणून.

बेंगळुरूला आल्यावर आठवड्याभरातली गोष्ट. मी धुतलेले कपडे घड्या करत होते. ईरा जमिनीवर खेळत होती. तिने एक बाहुली भिंतीला टेकवून उभी केली. दुसऱ्या बाहुलीच्या हाताने तिची छोटी पर्स उलटी केली. क्लिपा, मणी, रबरं, सगळं सांडलं. आणि मॅडमच्याच आवाजात म्हणाली, "तुला विचारतेय मी. कार्ड कुठाय?"

मग उभ्या बाहुलीच्या आवाजात, बारीक, "चूक झाली मॅडम. सॉरी."

तो माझा आवाज होता. हुबेहूब.

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. या मुलीला मी चमच्याने भरवलं, चालायला शिकवलं, मराठी शिकवलं. हेही मीच शिकवलं. तिच्या आईने अर्धं शिकवलं, उरलेलं मी. मालकीण कशी ओरडते आणि बाई कशी माफी मागते, दोन्ही आवाज आता तिच्या तोंडात बसले होते. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी मॅडम आल्या. मी बसले नाही, त्यांनाही बसू दिलं नाही. म्हटलं, "मॅडम, ईरा समजते मी चोर आहे. तिच्यासमोर सांगा की मी चोरी केली नाही. आणि त्या कार्डावरून माझं नाव काढा."

"मावशी, तुम्ही फार मनाला लावून घेता. लहान आहे ती, विसरून जाईल."

"सांगा तिला."

"मी काय सांगू? तुम्ही न विचारता घेतलं होतं ना? स्वतः सॉरी म्हणालात." मग आवाज खाली आणला. "आणि पुढच्या महिन्यात दुबई आहे. कार्ड लागेल. हवं तर पगारात थोडी वाढ करते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सॉरी मी म्हणाले होते. त्यांच्याकडे तेवढा एकच पुरावा होता आणि तो मीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. बँकेत गेले. सकाळी दारावर जाऊन उभी राहिले. आत एक तरुण अधिकारी होता. "स्वल्प थांबा अक्का," म्हणाला, मग बोलावलं. मी आधार ठेवलं. त्याने नाव टाकलं, पडद्यावर बघितलं. मी म्हटलं, हे कार्ड बंद करायचंय.

"हे जोडकार्ड आहे. मूळ कार्ड तुमच्या अण्णांचं, भावाचं आहे. त्यांना घेऊन या, ते सही करतील."

"ते माझे अण्णा नाहीत."

"इथे बहीण लिहिलंय."

"खोटं लिहिलंय. मी त्यांच्या घरी मूल सांभाळते. पगारावर."

तो टाइप करायचा थांबला. इकडेतिकडे बघून हळू बोलला. "अक्का, तक्रार केलीत तर चौकशी होईल. तुम्हालाही विचारतील. ओटीपी तुम्हीच दिलात. कागद तुम्हीच दिलेत. नोकरीही जाईल. घरी जा, समजुतीने मिटवा."

चांगला मुलगा होता. त्याला माझं भलंच हवं होतं. माझी मान सवयीने हलायला लागली होती. सरी, म्हणून उठणार होते. मुलीच्या कॉलेजचे दोन हप्ते राहिलेले होते. पण उठले नाही.

म्हटलं, "कागद द्या."

कन्नडमध्ये लिहिलं. नववीनंतर इतकं लांब कधी लिहिलं नव्हतं, तास लागला. मी त्यांची बहीण नाही, कामाला आहे, हे लिहिलं. विमानतळावर माझे पैसे वाचवायला नातं खोटं लिहिलं, हे लिहिलं. मग थांबले. मग हेही लिहिलं की हे खोटं आहे हे मला माहीत होतं, ओटीपी मीच वाचून दाखवला, कारण बहीण म्हटलेलं मला आवडलं. खाली सही केली. पोच मागितली. त्याने शिक्का मारून दिली.

चार दिवसांत सरांना बँकेतून फोन गेला. मॅडमचा मला आला. माझी मुलगी म्हणाली, उचलू नको. मी उचलला. मॅडम बोलत होत्या ते सगळं ऐकलं. घरच्यासारखं वागवलं, परदेश दाखवला, उपकार विसरलात. शेवटी म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका. सामान घेऊन जा."

माझं सामान म्हणजे एक साडी आणि चपला. मी गेले ती त्यासाठी नाही.

ईरा दारात आली आणि माझ्या पायांना मिठी मारली. मॅडम मागे उभ्या होत्या. मी खाली बसले, तिच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशी. रडायचं नाही असं ठरवून आले होते. थोडं आलंच.

म्हटलं, "ईरा, सिंगापूरला ते कार्ड मावशीचं होतं. त्याच्यावर मावशीचं नाव होतं. मावशीने काही चोरलं नव्हतं."

"पुरे," मॅडम म्हणाल्या. "लहान मुलीच्या डोक्यात काहीबाही भरू नका."

"नाव कुणाचं होतं ते सांगा तिला," मी म्हटलं.

ईराने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला खरंच कळत नव्हतं. विचारलं, "मग तू सॉरी का म्हणालीस?"

इतक्या लोकांनी मला इतके प्रश्न विचारले. हा कुणी विचारला नव्हता. माझ्या मुलीनेही नाही, मी स्वतःलाही नाही.

मी म्हटलं, "घाबरले होते, म्हणून म्हणाले. आता नाही म्हणणार."

ते मी मॅडमकडे बघून म्हटलं.