डावीकडे ओढणारी गाडी

लग्नानंतरची काही वर्षं मी एका लॉरीत संसार केला. माझे पती चष्मेवाले होते. पुण्यातल्या एका दुकानात ते डोळे तपासून नंबर काढायला शिकले. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला, तेव्हा त्यांनी एक लॉरी घेतली आणि मागं फळ्यांची खोली बांधून घेतली. आत एक बाज, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, भिंतीला अक्षरांचा तक्ता आणि चष्म्यांच्या ट्रंका. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फळीत त्यांनी एक चौकोनी खिडकी ठेवली होती. मी मागं बसून भाजी निवडायची, ते गाडी हाकायचे आणि आमचं बोलणं त्या खिडकीतून चालायचं.

बारामती, भवानीनगर, अंथुर्णे, इंदापूर. जिथं बाजार तिथं आम्ही. येणाऱ्यांपैकी कितीतरी लोकांना अक्षर ओळखता येत नसे. त्यांच्यासाठी ह्यांनी आपली रीत काढली होती. बायकांना सुई-दोरा द्यायचे. शेतकऱ्याच्या हातात उसाचं टिपरं द्यायचे आणि म्हणायचे, "ह्याचा डोळा कुठं आहे, बोट ठेवून दाखवा." एकदा एका म्हातारीनं चष्मा लावला, शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडं बघितलं आणि म्हणाली, "अगं, तुज्या हनुवटीवर तीळ हाय व्हय? लगीन होऊन येवढी वर्सं झाली, मला कुनी सांगितलंच न्हाय!" हे दिवसभर आठवून आठवून हसत होते.

गाडी मात्र जुनी होती आणि खोली बांधल्यावर उंच झाली होती. वारा सुटला की हलायची. समोरून मालाची लॉरी गेली की एका अंगाला झुकायची आणि पुन्हा सरळ यायला वेळ लावायची. स्टिअरिंग चांगलं हातभर फिरवलं तरी चाकं ढिम्म, आणि मग एकदम वळायची. आम्हांला त्याची सवय झाली होती. पण एका हिवाळ्यात ती डावीकडे ओढू लागली. सरळ रस्त्यावरसुद्धा हळूहळू कडेला जायची, हे झटका देऊन तिला परत मधे आणायचे, की पुन्हा डावीकडे. मागं भांडी आपटायची. एका दुपारी बारामतीहून येताना डावं चाक कालव्याच्या भरावावरून खाली उतरता उतरता राहिलं. मी धावत पुढं आले, तर हे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते.

"गाडी आता ऐकत नाही गं," म्हणाले.

अंथुर्ण्यात एक म्हातारे फिटर राहायचे. उमेदीची वर्षं वालचंदनगरच्या कारखान्यात काढून आता ते घरीच इंजिनं आणि गाड्या दुरुस्त करायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या अंगणात आम्ही गाडी उभी केली. तात्यांनी पुढचा भाग जॅकवर उचलला, चाक वरून-खालून धरून हलवलं. चाक खुळखुळ्यासारखं वाजलं.

"पावणं, तुमी हिच्यात झोपता त्ये झोपता, पन ही चालवता कशी?" ते म्हणाले.

चाक ज्या खिळीवर वळतं तिच्याभोवतीच्या पितळी नळ्या, म्हणजे बुश, झिजून गेले होते. तात्यांनी ते ओळखीच्या लेथवरून नवे कातून आणवले. पुढच्या डाव्या कमानीतला एक पाटा मोडला होता, तो बदलला. दोन्ही पुढचे टायर निरनिराळ्या जातीचे होते, ते जोडीचे केले. मग पुढच्या दोन चाकांमधलं अंतर दोरीनं पुढून मोजलं, मागून मोजलं, आणि दांडा फिरवून फिरवून चाकांची तोंडं जुळवली. शेवटी खोलीत डोकावले आणि माझ्याकडं बघून हसले.

"ताई, तुमचा समदा संसार डाव्या अंगाला हाय. पिंप डावीकडं, ट्रंका डावीकडं, बाज बी डावीकडं. गाडी तिकडं जाईल न्हाय तर काय?"

आम्ही खोली नव्यानं लावली. पिंप मधे, आसावर आणलं. टपावरचं सामान खाली घेतलं. तात्यांची बायको मदतीला आली. दोघींनी मिळून ट्रंका सरकवल्या, आणि तिनं माझ्या डब्यातल्या तिखटाचा वास घेऊन दोन नावंही ठेवली. त्या कामाचे दिवस चांगले गेले. हे तात्यांच्या हाताखाली बसायचे, विचारायचे, ग्रीस लावायचे. एक गोष्ट मात्र माझ्या मनात येत होती. चष्म्याच्या काड्यांचे बारीक स्क्रू पिळायचं काम हल्ली ते माझ्याकडं द्यायचे. "तुझी बोटं बारीक आहेत," म्हणायचे. पाना उचलतानाही डावा हात पुढं यायचा. मी ते बघत होते आणि थंडीचं दुखणं समजत होते.

काम झालं त्या सकाळी तात्या स्वतः स्टिअरिंगवर बसले. हे शेजारी, मी मागं खिडकीशी. कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता. तात्यांनी वेग धरला आणि मग दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. गाडी ओळंबा लावल्यासारखी सरळ गेली. मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं.

"आता तुमी घ्या," तात्या म्हणाले.

हे बसले. थोडं अंतर गेलो असू, आणि गाडी डावीकडे सरकू लागली. त्यांनी झटका देऊन आणली. पुन्हा सरकली. खिडकीतून मला त्यांचे दोन्ही हात दिसत होते. डाव्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. उजवा नुसता वर ठेवला होता. त्याच्यात पकड नव्हतीच. डाव्या हाताचा भार चाकाला डावीकडं नेत होता आणि उजवा त्याला अडवत नव्हता.

तात्यांनीही ते बघितलं असणार. ते समोर बघत राहिले.

ह्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिले. लोकांच्या डोळ्यांत बघून कुठं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. स्वतःचा हात त्यानं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला.

"तात्या," ते म्हणाले, "गाडीचं काम झालं."

"व्हय," तात्या म्हणाले. "गाडीचं झालं."

आम्ही पुण्याला गेलो. मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बत्ती मारली, मला बाहेर बसवलं. नंतर आत बोलावून सांगितलं की दोष हातात नाही, मेंदूत आहे, वाढत जाईल आणि त्यावर आपल्याकडं इलाज नाही. जिन्यावरून उतरताना हे म्हणाले, "डोळ्यांत बघत होते ना, तेव्हाच मला कळलं. आत काही वाईट दिसलं की डॉक्टर जरा जास्त वेळ बत्ती धरतो." मी जिन्यातच बसले आणि रडले. ते शेजारी बसून राहिले. येणारी-जाणारी माणसं आम्हांला वळसा घालून जात होती.

गाडी विकायची असं मी म्हणत होते. ते ऐकेनात.

"इतकी दुरुस्त करून घेतली ती काय विकायला? तू चालव."

"मी? लॉरी?"

"आता ती हलकी झालीय. तुझ्याच्यानं होईल."

आणि खरंच झालं. पूर्वीची गाडी मला वळवताही आली नसती. तात्यांनी पायाखालच्या ब्रेक-क्लचच्या पट्ट्यांना लाकडी ठोकळे बसवून दिले म्हणजे माझा पाय पोचेल. हे शेजारी बसून शिकवायचे. गिअर घालताना माझा पदर दांड्यात अडकायचा, मग तात्यांच्या बायकोनं मला कासोटा घालायला लावला. पुण्याला जाऊन मी परवाना काढून आले. भवानीनगरच्या बाजारात पहिल्यांदा गाडी घेऊन गेले, तेव्हा चष्म्याला कमी आणि मला बघायला जास्त गर्दी झाली. मी आरशात बघून गाडी मागं घेतली, तर एक आजोबा म्हणाले, "बया, हिला तर मागं बी दिसतंय!" त्या दिवशी हे पुन्हा पहिल्यासारखे हसले. पण हसताना तोंडाची एकच बाजू हलली.

तो सगळा पावसाळा आम्ही फिरलो. ते बाजेवर बसून डाव्या हातानं भिंगं बदलायचे, मी काड्या बसवायची. दिवाळीनंतर बोलणं जड झालं. शब्द तोंडात यायचे आणि तिथंच चुरगळायचे. त्याची त्यांना लाज वाटे. मग आम्ही खूण ठरवली. मी गाडी चालवताना खिडकीतून बोलायची आणि ते बाजेवर पडल्या पडल्या फळीवर डाव्या हातानं ठोकायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी असंच विचारायची, ज्याचं उत्तर हो किंवा नाही येईल.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. इंदापूरहून आम्ही अंथुर्ण्याकडं निघालो होतो. ते सकाळपासून थकलेले होते, थोडं दूध घेतलं होतं. मी बोलत होते. तात्यांच्या घरी गेल्यावर वांगी करू का? फळीवर एकदा वाजलं. ऊन लागतंय का, पडदा ओढायला थांबू? दोनदा वाजलं. मग मी माहेरचं काहीतरी सांगू लागले, माझी आई आमच्या लग्नात ह्यांच्या चष्म्याला घाबरली होती ते. मधेमधे "ऐकताय ना?" म्हणत होते. फळी वाजत होती.

पुढं उसाच्या गाड्यांची रांग लागली. एका गाडीचा बैल बसला होता आणि गाडीवान त्याला उठवत होते. मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. "अहो, पाणी देऊ?" मी विचारलं. काही वाजलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग उतरून मागं गेले.

तोंड भिंतीकडं होतं. हात फळीला टेकलेला होता, अजून ऊन होता.

गाडीवानांनी बैल बाजूला घेऊन मला वाट करून दिली. मी गाडी तात्यांच्या अंगणात नेली, कारण जवळचं दुसरं कुणी नव्हतं. हॉर्न वाजवावा लागला नाही. तात्यांची बायको दारात होती, माझं तोंड बघून तिनं हातातलं सूप तसंच खाली ठेवलं. संध्याकाळी ओढ्याकाठी दहन झालं. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण आसपासच्या वाड्यांवरची माणसं आली होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांवर ह्यांनी दिलेले चष्मे होते. पुढं मी गाडी विकली आणि इंदापुरात खोली घेऊन चष्म्यांची दुरुस्ती करत राहिले. पोट भरलं. त्याबद्दल तक्रार नाही.

एक मात्र मला कधी कळलं नाही. त्या रस्त्याला खड्डे होते, आणि खड्डा आला की आमच्या खोलीच्या फळ्या आपोआपही वाजायच्या. आईची गोष्ट सांगताना जी फळी वाजत होती, ती कुठवर त्यांनी वाजवली आणि कुठून पुढं रस्त्यानं, हे मला सांगता येत नाही. गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकली की नाही, तेही नाही.