डावीकडे सांगितलेल्या गोळ्या

क्लबच्या निवड चाचणीत त्या माणसाने मला मुद्दाम खोटं सांगितलं, असं मी आजही मानते. तो म्हणतो, चुकून झालं.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. सुट्टीच्या दिवशी पालथी पडून पन्नास मीटरवर रायफल चालवते. गोळीचं भोक तुरीच्या दाण्याएवढं. काळ्या वर्तुळात पडलं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याची दुर्बीण लागते. माझ्याकडे नव्हती. शेजारच्या लेनवर तो माणूस होता, निवृत्त ठेकेदार; त्याच्याकडे होती, परदेशातून आणलेली.

सरावाच्या पाच गोळ्या मारून मी विचारलं, "जरा बघता का, कुठे लागतायत?"

"डावीकडे. सगळ्याच."

मी रायफलवरची नेमाची साइट उजवीकडे घेतली आणि ज्यांचे गुण धरतात त्या गोळ्या मारल्या. निशाणाचे कागद हातात आले तेव्हा सरावाच्या पाचही उजवीकडे होत्या, आणि गुणांच्या त्याहून उजवीकडे. संघातली शेवटची जागा त्याला मिळाली.

"उलटसुलट झालं असेल माझं," तो हसला. "स्वस्तातली एखादी घेऊन टाका ना तुम्ही."

पुढच्याच सुट्टीला नवऱ्याला घेऊन मी पिंपरीतल्या दुकानात गेले. सेल्समन म्हणाला, "मॅडम, साठपट. चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"खड्डे चाकण रोडला रोज बघते. मला कागदावरचं भोक दाखवा."

जुना कागद धरून नवरा फुटपाथवर पन्नास पावलं लांब उभा राहिला. येणारेजाणारे त्याच्याकडे बघत होते. साठपटीवर सगळं अंधारं आणि थरथरतं; पंचवीसवर आणलं तर भोकाची कड स्पष्ट. दुसरी दुर्बीण आणखी स्वस्त होती, पण सरळ नळीची. मी दुकानाच्या फरशीवर पालथी झाले. सेल्समन दचकून मागे सरला. डोळा लावायला दर वेळी अख्खी मान उचलावी लागत होती. ती नको म्हटलं. तिरक्या आयपीसवाली, म्हणजे मान न उचलता डोळा लावता येणारी, पहिलीच घेतली. सोबतचा स्टँड लटपटत होता. तो तिथेच ठेवला आणि कंपनीच्या टूलरूममधल्या भाऊंकडून लोखंडी पट्टीचा बुटका स्टँड करून घेतला.

रेंजवर मी ती मांडून डोळा लावला, तेवढ्यात शेजारी एक गोळी मारून तो उठून आलाच.

"चायना का?"

"हो."

"दिसतं का काही?"

"तुमची आत्ताची गोळी दहात नाही, आठात गेलीय, ते दिसलं."

त्याचे कान लाल झाले. नंतर त्याने लेन बदलली. नवरा म्हणाला, "झालं गेलं सोडून दे आता." मी सोडलेलं नाही. पुढच्या चाचणीतही मी संघात आले नाही, दोन गुण कमी पडले. पण ते दोन गुण माझ्याच हाताने गेले होते, आणि कुठे गेले ते मी स्वतः पाहिलं होतं. त्या माणसाशी मी अजून बोलत नाही.